सायकलीची दुखणी

सकाळची शाळा भरावयास जेमतेम अर्धा तास उरलेला असतो. दप्तर कॅरिअरला अडकवून मुलगी सायकल अंगणातून बाहेर काढू लागते, तो मागचे चाक जमिनीवर लोळागोळा होऊन फरफटत येते. रात्री तर हवा भरपूर होती! शाळा पाच किलोमीटर दूर, वाटेत दुकान नाही आणि दिवस परीक्षेचा. अशा वेळी प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द येतो: पंक्चर. हा शब्द पुष्कळदा चुकीचा असतो. आणि तो चुकीचा आहे हे ज्याला ओळखता येते, तो पाच मिनिटांत सायकलीवर बसून शाळेच्या वाटेला लागतो.

सायकल हे यंत्र मोठे सरळ स्वभावाचे आहे. त्याचे बहुतेक सर्व अवयव उघड्यावर असतात. झाकपाक काहीच नाही. घड्याळाचे दुखणे काय आहे हे पाहावयाचे तर ते उघडावे लागते. सायकल मात्र आपले दुखणे डोळ्यांना दाखविते आणि कानांना ऐकविते. तिच्या दुरुस्तीत हाताचे कौशल्य लागते हे खरे, पण त्याच्याही आधी लागते ती नीट पाहण्याची सवय. दोष कोठे आहे हे न शोधता जो पाना हातात घेतो, तो एक दोष दुरुस्त करण्याच्या भरात दुसरे दोन निर्माण करतो.

हवा गेलेल्या चाकाचेच पाहावे. हवा कोंडून धरण्याचे काम एकटी ट्यूब करीत नाही. ज्या तोंडातून हवा आत जाते, तेथे एक लहानसा दारवान बसलेला असतो. साध्या, उंच, काळ्या सायकलींच्या ट्यूबला जो जुन्या पद्धतीचा वॉल्व्ह असतो, त्यात एक बारीक पोकळ कांडी असते. कांडीच्या बाजूस एक छिद्र असते आणि त्या छिद्रावर रबराची एक अरुंद नळी घट्ट चढविलेली असते. हिलाच दुकानात वालट्यूब म्हणतात. पंपाने हवा भरली की ती कांडीतून येऊन छिद्रावाटे रबर किंचित उचलते व ट्यूबमध्ये शिरते. पंप थांबताच आतली हवा बाहेर येऊ पाहते. परंतु तिच्याच दाबाने रबर छिद्रावर घट्ट दाबले जाते आणि वाट बंद होते. बाहेर पडू पाहणारी हवाच आपल्या हाताने दार लावून घेते, अशी ही गमतीदार योजना आहे.

पण रबर जुने झाले, उन्हाने कडक झाले किंवा त्यास चीर पडली, की दार नीट लागत नाही. हवा हळूहळू जाऊ लागते. संध्याकाळी टणक असलेले चाक सकाळी मऊ पडते. याची परीक्षा सोपी आहे. चाकात हवा भरावी आणि ओल्या बोटाने वॉल्व्हच्या तोंडावर पाण्याचा थेंब ठेवावा. थेंबात बुडबुडा फुगू लागला तर दोष दारवानाचा आहे, ट्यूबचा नव्हे. वरचे चक्र सैल करून कांडी काढावी, जुने रबर फेकून द्यावे, नवा तुकडा थुंकीने किंवा पाण्याने ओला करून छिद्र झाकेल असा चढवावा आणि हवा भरावी. ज्या घरात सायकल आहे त्या घरात बोटभर वालट्यूब नेहमी असावी. तिच्याइतकी स्वस्त आणि अडचणीच्या वेळी उपयोगी पडणारी वस्तू सायकलीच्या सामानात दुसरी नाही. काही सायकलींना मोटारीसारखा स्प्रिंगचा वॉल्व्ह असतो. त्यात रबराची नळी नसते. आतील पिन सैल झाली असेल तर ती आवळावी, बिघडली असेल तर बदलावी.

थेंब शांत राहिला तर मात्र ट्यूब बाहेर काढावी लागते. त्यापूर्वी टायरवर, वॉल्व्हच्या अगदी समोर, खडूने एक खूण करून ठेवावी. ही खूण कशासाठी, ते पुढे दिसेल. उरलेली हवा पूर्णपणे सोडून टायरची कड सर्व बाजूंनी रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलावी, म्हणजे ती सैल पडते. मग चपट्या, गुळगुळीत पट्टीने ती हलकेच वर उचलावी. येथे घाईने पेचकस घालणारे पुष्कळ असतात. पेचकसाचे टोक ट्यूबला बोचते आणि एका छिद्राची दोन छिद्रे होतात.

बाहेर काढलेल्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती घमेल्यातील पाण्यात थोडीथोडी बुडवीत फिरवावी. बुडबुडे जेथून निघतील तेथे छिद्र. ते जागेवरच चिन्हांकित करावे, कारण ट्यूब कोरडी झाल्यावर ते पुन्हा सापडत नाही. त्या जागेभोवती काचकागद घासून रबर खरबरीत करावे, भुकटी पुसून टाकावी आणि सोल्यूशनचा पातळ थर द्यावा. पुढची पायरी सर्वांत अवघड आहे, कारण तीत काहीच करावयाचे नसते; नुसते थांबावयाचे असते. सोल्यूशनमधील पातळ द्रव उडून जाऊन थर बोटाला कोरडा लागेपर्यंत चार-पाच मिनिटे जावी लागतात. ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच पहिल्या खड्ड्यातच उचकटतो. थर सुकल्यावर पॅच ठेवून मधून कडेकडे दाबीत जावे. सोल्यूशन चटकन पेट घेते, म्हणून हे काम चुलीजवळ किंवा दिव्याजवळ करू नये.

पॅच बसला, की काम संपले असे समजणारा मनुष्य दुसऱ्या दिवशी पुन्हा घमेले भरताना दिसतो. छिद्र बुजले, परंतु ते पडले कशाने? या प्रश्नाचे उत्तर छिद्राच्या जागेतच लिहिलेले असते. छिद्र ट्यूबच्या बाहेरच्या अंगास, म्हणजे रस्त्याच्या बाजूस असेल, तर काटा, खिळा किंवा काच यांचे ते काम होय. मघाची खडूची खूण आता उपयोगी पडते. वॉल्व्ह खुणेशी जुळवून ट्यूब टायरवर धरली, की टायरच्या नेमक्या कोणत्या जागी अपराधी लपला आहे ते कळते. महाराष्ट्रातील गाडीवाटांवर बाभळीच्या काट्यांना तोटा नाही. हा काटा टायरमध्ये शिरून बाहेरून मोडतो. वरून पाहणाऱ्यास काहीच दिसत नाही, पण त्याचे अणकुचीदार टोक आत राहून दर फेऱ्यास ट्यूबला टोचत असते. टायरच्या आतून कापडाची घडी फिरविली तर ती काट्यावर अडकते. उघडे बोट फिरवू नये. काच असली तर बोट कापते.

छिद्र आतल्या अंगास, रिमच्या बाजूस असेल, तर रस्त्यावर काटे शोधण्यात अर्थ नाही. तेथे रिमवर बसविलेली कापडाची वा रबराची पट्टी सरकलेली असते आणि एखाद्या तारेचे डोके वर येऊन ट्यूबला टोचत असते. कधी दोन लहान चिरा शेजारी-शेजारी, सापाच्या दातांच्या खुणांसारख्या दिसतात. हा काट्याचा अपराध नव्हे आणि दगडाचाही नव्हे. तो चाकात हवा कमी ठेवणाऱ्याचा आहे. मऊ चाक दगडावर आदळले, की ट्यूब दगड व रिमच्या दोन कडा यांच्यामध्ये चिमटली जाते. वॉल्व्हच्या मुळाशी रबर फाटले असेल तर तेथेही बहुधा कमी हवाच कारण असते: टायर रिमवरून हळूहळू सरकतो आणि ट्यूबला ओढतो. अशी फाटलेली ट्यूब पॅचने बरी होत नाही, ती बदलावीच लागते.

चाकातील हवेची ही थोरवी जगाला कळावयास बराच काळ लागला. १८६० ते १८७० या दशकात युरोपात ज्या दुचाकी निघाल्या, त्यांची चाके लाकडाची व धावा लोखंडाच्या होत्या. इंग्रजांनी त्यांना ‘हाडे खिळखिळी करणारी गाडी’ असे नाव ठेवले होते. पुढे भरीव रबराच्या धावा आल्या. आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाचे पशुवैद्य राहत. आपल्या लहान मुलाची तीनचाकी खडबडीत वाटेवरून जाताना फार हादरते, हे पाहून त्यांनी १८८७ साली तिच्या चाकांवर हवा भरलेल्या रबरी नळ्या बसविल्या, आणि १८८८ साली त्या शोधाचे पेटंट घेतले. पुढे असे उघड झाले की, रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश मनुष्याने हीच कल्पना घोडागाडीच्या चाकांसाठी १८४५ सालीच पेटंट करून ठेवली होती. मधल्या काळात जग तिला विसरून गेले होते. डनलॉप यांचे पेटंट त्यामुळे रद्द झाले, परंतु हवेचे चाक मात्र कायमचे रस्त्यावर आले. सायकलस्वाराचे वजन रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. म्हणून अंगठ्याने जोरात दाबले असता चाक जेमतेम दबेल, इतकी हवा त्यात नेहमी असावी.

चाकानंतर साखळीकडे वळावे. तिलाच सर्वजण चेन म्हणतात. चेन उतरणे हे नित्याचे दुखणे आहे आणि त्याचे सर्वसाधारण कारण म्हणजे चेन सैल होणे. दोन दातेरी चक्रांच्या मधोमध ती बोटाने वर-खाली हलवून पाहावी. एक-दीड सेंटिमीटर हलली तर ठीक; त्याहून अधिक लोंबत असेल तर मागच्या चाकाचे दोन्ही नट सैल करून चाक थोडे मागे ओढावे. चाक दोन्ही बाजूंनी सारखे ओढले गेले पाहिजे, नाही तर ते तिरपे होऊन टायर फ्रेमला घासतो. चेन फार ताठ करणेही वाईट. मग पॅडल जड चालते.

चेन लांब होते, ती लोखंड ताणले जाते म्हणून नव्हे. तिच्यातील प्रत्येक खिळ व तिचे भोक एकमेकांना घासून झिजतात. एकेका सांध्याची झीज केसाएवढी, पण शंभरावर सांध्यांची मिळून ती बोटभर होते. याची मोजणी पट्टीने करता येते. नव्या चेनच्या चोवीस कड्या, एका खिळीच्या मध्यापासून मोजल्यास, बरोबर १२ इंच भरतात. तेच अंतर १२ इंच आणि वर इंचाचा आठवा भाग भरू लागले, की चेन संपली असे समजावे. झिजलेली चेन तशीच चालविली तर ती चक्रांचे दातेही खाऊन टाकते आणि एका खर्चाचे तीन खर्च होतात.

चेनला तेल देण्याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. काळी, तेलाने थबथबलेली चेन म्हणजे निगा राखलेली चेन, असे अनेकांना वाटते. वस्तुतः तेलात धूळ कालवली, की तिचे उत्तम घासकाम करणारे लुकण तयार होते. आधी रॉकेलात भिजविलेल्या जुन्या दातांच्या ब्रशाने चेन धुवावी, कोरडी करावी, मग प्रत्येक सांध्यावर यंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सोडावा आणि थोड्या वेळाने वरचे तेल फडक्याने पुसून काढावे. तेल सांध्यांच्या आत हवे, बाहेर नको. खोबरेल थंडीत थिजते आणि गोडेतेल काही दिवसांनी चिकट होते. म्हणून स्वयंपाकघरातील बुधल्यांना या कामी हात लावू नये. आणि चेन जोडणारी जी लहान पट्टी, जिला चेनलॉक म्हणतात, तिचे बंद तोंड चेन ज्या दिशेने पुढे सरकते त्या दिशेस असावे. उलटी बसविली तर कशास तरी अडकून ती निसटते. या साध्या चेनचा लौकिक मोठा आहे. १९०३ साली राइट बंधूंचे पहिले विमान उडाले, त्याचे पंखे फिरविणारी शक्ती साखळ्या व दातेरी चक्रे यांच्याच द्वारे पोचत होती. ते दोघे बंधू सायकली बनविण्याचा व दुरुस्त करण्याचा धंदा करीत असत.

सायकल कुरकुरू लागली, तर तिचे बोलणे लक्ष देऊन ऐकावे. सपाट, मोकळ्या रस्त्यावर वेग आला असता पॅडल मारणे क्षणभर थांबवावे. आवाज थांबला तर दोष पॅडल, क्रँक किंवा चेन यांत आहे. चालू राहिला तर तो चाकात, मडगार्डात किंवा ब्रेकात आहे. मागच्या चाकाची मंद टिकटिक मात्र दोष नव्हे. फ्रीव्हीलमधील लहान खुंट्या दात्यांवरून उड्या मारीत जातात, तिचा तो नाद. पॅडलच्या दर फेऱ्यास एकदा ‘टक्’ असा आवाज येत असेल आणि पायालाही हिसका जाणवत असेल, तर क्रँक जागेवर धरून ठेवणारी कॉटर पिन सैल झाली असावी. पॅडल काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उजव्या पॅडलचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे उलटे. हे ठाऊक नसलेला मनुष्य डावे पॅडल काढण्यासाठी सारी ताकद लावून ते अधिकच आवळीत राहतो.

आतापर्यंतची दुखणी त्रास देणारी होती. ब्रेकचे दुखणे जिवावर बेतणारे आहे. पंक्चर झाले तर मनुष्य चालत घरी येतो. उतारावर ब्रेक लागला नाही तर काय होईल, हे सांगावयास नको. म्हणून ज्या सायकलीचे दोन्ही ब्रेक नीट लागत नाहीत, ती शाळेला कितीही उशीर होत असला तरी बाहेर काढू नये. परीक्षा रोज करता येते आणि तिला अर्धे मिनिटही लागत नाही. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलावी. पुढचे चाक फिरता कामा नये. तसेच मागच्या चाकाचे. ब्रेकची मूठ दाबताना ती हँडलला टेकत असेल, तर रबरी गट्टू झिजले आहेत किंवा दांडीचे नट सरकले आहेत. गट्टू आणि रिम यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटरांची फट पुरे. गट्टू रिमवरच टेकले पाहिजेत. टायरला घासले तर ते टायर चिरतात. ज्या सायकलींना दांड्यांऐवजी तारेचे ब्रेक असतात, त्यांच्या तारेचा मुठीजवळचा भाग पाहावा. एक जरी धागा तुटून उभा राहिलेला दिसला, तर तार बदलावी. उरलेले धागे त्याच वाटेवर असतात.

चेनला तेल देताना थेंब रिमवर उडणार नाही याची काळजी घ्यावी. तेलकट रिमवर ब्रेक दाबला न दाबला सारखाच. पावसाळ्यात पाणीही असाच घात करते, विशेषतः लोखंडी चकचकीत रिमवर. कोरड्या दिवशी जेथे ब्रेक दाबून सायकल थांबते, तेथे पावसात ती कितीतरी पुढे घसरत जाते. जाणते सायकलस्वार उतार लागण्यापूर्वीच ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून रिमवरचे पाणी निपटून काढतात. थांबताना सायकलीचा भार पुढच्या चाकावर जातो; त्यामुळे पुढचा ब्रेक अधिक जोराने थांबवितो, पण तो एकटाच एकदम दाबला तर मनुष्य हँडलवरून पुढे फेकला जाण्याची भीती असते. दोन्ही ब्रेक एकाच वेळी, हळूहळू जोर वाढवीत दाबावेत.

चाक डुलू लागणे, ज्याला दुकानदार ‘चाक आउट झाले’ असे म्हणतो, हे दुखणे तारांचे. साध्या सायकलीच्या पुढच्या चाकात सामान्यतः ३२ व मागच्या चाकात ४० तारा असतात. त्यांतील निम्म्या रिमला डावीकडे ओढतात, निम्म्या उजवीकडे; ही ओढाताण सारखी असते तोवर रिम सरळ राहते. सायकल उलटी करून चाक फिरवावे आणि रिमच्या अगदी जवळ खडू स्थिर धरावा. जेथे खडूची रेघ उमटेल, तेथे रिम त्या बाजूला झुकली आहे. तेथील विरुद्ध बाजूची तार चावीने पाव फेरा आवळावी, पुन्हा फिरवून पाहावे. पाव फेराच! अधिक जोर लावणाऱ्याच्या हातून चाक आठाच्या आकड्यासारखे होते. रिम वाकली असेल किंवा दोन-चार तारा तुटल्या असतील, तर हा नाद सोडून चाक दुकानात न्यावे. कारागिराच्या बोटांना तारांचा ताण जसा कळतो तसा तो पुस्तक वाचून कळत नाही.

राहिले छर्रे. चाकाच्या मधोमध, आसाभोवती, पोलादी छर्रे ग्रीसमध्ये बसविलेले असतात व दोन्ही बाजूंचे कोन त्यांना जागेवर धरतात. चाक हाताने डावी-उजवीकडे हलवून पाहावे. ‘खुट् खुट्’ करीत ते हलले तर कोन सैल आहेत. चाक फिरविताना खरखर लागली, तर कोन फार आवळले आहेत किंवा ग्रीस वाळून त्यात माती शिरली आहे. या दोहोंच्या मध्ये जी नेमकी जागा आहे, ती सापडली की नाही, हे सांगणारी एक जुनी परीक्षा आहे. पुढचे चाक जमिनीपासून उचलून धरावे, वॉल्व्ह एका बाजूला आणावा आणि हात सोडून द्यावा. वॉल्व्हचे वजन ते केवढे! पण छर्रे स्वच्छ असले आणि कोन बेताने आवळलेले असले, तर तेवढ्या वजनानेही चाक आपोआप फिरू लागते, घड्याळाच्या लंबकासारखे काही वेळ मागे-पुढे झुलते आणि वॉल्व्ह अगदी खाली येऊन थांबतो.